हृदयातील मधली भिंत



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी मी हृदय हा विषय घेतला आहे. पवित्र शास्त्रात अंतःकरण म्हणजे माणसाचे विचार, इच्छा आणि निर्णय यांचे स्थान. त्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत आणि पुढेही ऐकू. आज मात्र मला छातीत धडधडणाऱ्या, मुठीएवढ्या, मांसाच्या हृदयाविषयी लिहायचे आहे. मेळघाटातील ढाण्यांवर काम करताना ज्या बाळांसाठी आपण प्रार्थना करतो, त्यांच्यापैकी काहींच्या आजाराचे मूळ या मांसाच्या हृदयातच असते. 'हृदयाला भोक आहे' एवढे शब्द कानांवर पडले की घरातली माणसे हबकतात. मंडळीतही कुजबुज सुरू होते. हे भोक म्हणजे काय, ते कसे राहून जाते, ते केव्हा बुजते आणि केव्हा बुजवावे लागते, हे आपल्याला समजले, तर आपली प्रार्थना आणि आपली मदत दोन्ही वेळेवर पोहोचतील. वेळेवर हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे. तो या लेखाचा गाभा आहे.

१. चार खोल्यांचे घर

आपले हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे झुकलेले असते. मोठ्या माणसाच्या हृदयाचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम. त्याच्याभोवती हृदयावरण नावाची पातळ दुहेरी पिशवी असते. हे हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. स्वस्थ बसलेल्या माणसात ते दर मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त ढकलते. नवजात बाळाचे हृदय याहून बरेच जलद चालते.

हृदयाची रचना समजण्यासाठी एक दोन मजली घर डोळ्यांसमोर आणा. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या. वरच्या खोल्यांना अलिंद म्हणतात आणि खालच्यांना निलय. जुन्या पाठ्यपुस्तकांत आपल्यापैकी काहींनी त्यांची कर्णिका आणि जवनिका ही नावे पाठ केली असतील. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जायला दार आहे, त्याला झडप म्हणतात. हे दार एकाच दिशेने उघडते. उजवीकडच्या झडपेला तीन पाकळ्या, तर डावीकडच्या झडपेला दोन. खालच्या खोल्यांतून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशीही अशाच झडपा आहेत. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जो 'लब-डब' आवाज ऐकतात, तो झडपा मिटण्याचा आवाज.

आता या घराची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उजव्या आणि डाव्या खोल्यांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक भिंत आहे. तिला हृदयाचा पडदा म्हणतात. या भिंतीत दार नाही, खिडकी नाही. उजवीकडचे रक्त डावीकडे थेट जाऊच शकत नाही. मग ते जाते कसे?

शरीरभर फिरून प्राणवायू देऊन आलेले काळपट रक्त दोन महाशिरांतून उजव्या वरच्या खोलीत येते. तिथून खालच्या खोलीत उतरते. तिथून ते फुप्फुसांत ढकलले जाते. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन लालभडक झालेले रक्त डाव्या वरच्या खोलीत येते, खालच्या खोलीत उतरते आणि महाधमनीतून साऱ्या शरीरात जाते. म्हणजे हृदय हा खरे तर एकमेकांना चिकटलेल्या दोन पंपांचा जोड आहे. उजवा पंप शेजारच्या फुप्फुसांपुरता. डावा पंप डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत रक्त पोहोचवणारा. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते, आणि तिथला दाब उजवीकडच्या दाबाच्या चार-पाच पट असतो. हा दाबातला फरक लक्षात ठेवा. पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

२. भिंतीविषयी चौदाशे वर्षांचा गैरसमज

प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात मंडळ्यांमध्ये पर्गमचे नाव आपण वाचतो. त्याच पर्गममध्ये इसवी सन १२९ मध्ये गॅलन नावाचा वैद्य जन्मला. त्याने शिकवले की हृदयाच्या मधल्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे पाझरते. गॅलनचा अधिकार एवढा मोठा की युरोपातील वैद्यांनी सुमारे चौदाशे वर्षे हे मानले.

तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरो येथे काम केलेल्या इब्न अल-नफीस या वैद्याने स्पष्ट लिहिले की ही भिंत भरीव आहे, रक्त फुप्फुसांतूनच पलीकडे जाते. पण त्याचे लिखाण युरोपात फारसे कोणाला ठाऊक झाले नाही. १५४३ मध्ये वेसालियसने शरीररचनेचा मोठा ग्रंथ छापला. भिंतीतील छिद्रे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, हे त्याने नोंदवले, आणि १५५५ च्या आवृत्तीत आपली शंका अधिक उघडपणे मांडली.

या दोन आवृत्त्यांच्या मध्ये एक नाव येते, ते मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करताना मंडळीच्या इतिहासाच्या तासाला ऐकले होते. मायकेल सर्व्हेटस. त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. तो वैद्यही होता, आणि ज्या पुस्तकामुळे त्याचा जीव गेला त्याच पुस्तकात, मनुष्याच्या ठायी आत्मा कसा येतो याची चर्चा करताना, त्याने लिहिले आहे की रक्त मधल्या भिंतीतून जात नाही, ते फुप्फुसांतून लांबचा प्रवास करून डावीकडे येते. त्या पुस्तकाच्या तीनच मूळ प्रती आज उरल्या आहेत. त्याचे धर्ममत आपण स्वीकारत नाही. तरीही त्याला जाळणाऱ्यांच्या कृत्याने मान खाली जाते, आणि मधल्या भिंतीविषयी तो बरोबर होता हेही मान्य करावे लागते. पुढे १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वी यांनी रक्ताभिसरण सिद्ध केले आणि गॅलनची छिद्रे कायमची मिटली.

ती छिद्रे निरोगी हृदयात कधी नव्हतीच. पण काही बाळे मात्र खरोखरच भिंतीत छिद्र घेऊन जन्माला येतात.

३. आईच्या पोटात भिंत कशी उभी राहते

गर्भाचे हृदय बाविसाव्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागते. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्या वेळी ते केवळ एक नळी असते. ही नळी वळते, फुगते, आणि चौथ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान तिच्यात मधली भिंत उभी राहते.

खालच्या दोन खोल्यांमधली भिंत तळातून वर वाढत जाते. हा तिचा जाड, स्नायूंचा भाग. वरच्या टोकाशी एक लहानशी फट शेवटपर्यंत राहते, ती पातळ पापुद्र्याने बुजते. खालच्या खोल्यांमधली बहुतेक छिद्रे या पातळ भागाजवळच आढळतात, कारण काम तिथे सर्वांत शेवटी पुरे होते.

वरच्या दोन खोल्यांमधली भिंत दोन पदरी असते, आणि त्यात एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली असते. पोटातल्या बाळाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत. प्राणवायू आईच्या वारेतून येतो. म्हणून फुप्फुसांना वळसा घालून रक्त या खिडकीतून थेट डावीकडे जाते. बाळ जन्मते, पहिल्यांदा रडते, फुप्फुसे उघडतात, डावीकडचा दाब वाढतो, आणि पदराची झापड खिडकीवर घट्ट बसते. पुढच्या काही महिन्यांत ती बहुतेकांची चिकटून जाते. चारांपैकी सुमारे एका माणसात ती पूर्ण चिकटत नाही, पण झापड मिटलेली असल्याने बहुतेकांना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. जन्माच्या पहिल्या टाहोबरोबर एक दार आपोआप लागावे, ही रचना वाचताना मी दर वेळी थांबते आणि निर्माणकर्त्याचे आभार मानते.

४. छिद्राचे प्रकार

दर शंभर जन्मांमागे सुमारे एका बाळाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांत मधल्या भिंतीचे दोष पुष्कळ.

*वरच्या भिंतीतील छिद्र.* डॉक्टर याला एएसडी म्हणतात. वर दाब कमी, म्हणून रक्त हळूहळू डावीकडून उजवीकडे जाते. मूल लहानपणी हसते-खेळते असते, फार तर वारंवार सर्दी-खोकला. मुलींमध्ये हे छिद्र मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. पुष्कळदा ते तिशी-चाळिशीत, धाप लागू लागल्यावर किंवा बाळंतपणात कळते.

*खालच्या भिंतीतील छिद्र.* याला व्हीएसडी म्हणतात. मुलांमध्ये हे सर्वांत अधिक आढळते. डावीकडचा दाब मोठा असल्याने शुद्ध रक्त जोराने उजवीकडे घुसते आणि पुन्हा फुप्फुसांत जाते. बांध फुटून शेजारच्या शेतात पाणी साचावे, तसे फुप्फुसांत रक्त साचते. इकडे शरीराला मात्र पुरेसे मिळत नाही. छिद्र लहान असेल तर त्यातून रक्त पिचकारीसारखे जाते आणि स्टेथोस्कोपमध्ये मोठा आवाज येतो. छिद्र फार मोठे असेल तर आवाज उलट हलका असू शकतो. आवाज मोठा म्हणून आजार मोठा, असे समजू नये. लहान छिद्रांपैकी पुष्कळशी पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. मोठी बुजत नाहीत.

*मध्यभागातील मोठे छिद्र.* यात वरची भिंत, खालची भिंत आणि झडपा हे सारे जिथे जुळायचे तिथेच जोडणी अपुरी राहते. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये हे विशेष आढळते. अशा बाळांपैकी सुमारे निम्म्यांना हृदयाचा काही दोष असतो. म्हणून डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक बाळाची हृदयतपासणी व्हायलाच हवी.

काही बाळांत खालच्या छिद्राबरोबर फुप्फुसांकडे जाणारा मार्गही अरुंद असतो. ती बाळे रडताना निळी पडतात. मोठी झाल्यावर थोडे पळाली की उकिडवी बसतात, कारण तसे बसल्याने त्यांना बरे वाटते. खेळता खेळता पुन्हा पुन्हा उकिडवे बसणारे मूल दिसले तर ते आळशी आहे असे म्हणू नका.

५. कोणी पाप केले?

एका ढाण्यावर सात महिन्यांचे बाळ पाहायला मी गेले होते. वजन साडेचार किलो. आजी मला म्हणाली, "ताई, पोटुशी असताना ग्रहणात बाहेर हिंडली ही. म्हणून पोराला असं झालं." सून खाली मान घालून बसली होती. बाळाच्या पोटावर डंब्याचे, म्हणजे तापलेल्या लोखंडाच्या चटक्यांचे वण होते.

मी म्हटले, "आजी, मीही पोटुशी असताना ग्रहण झालं होतं. मी कामावरच होते. माझं लेकरू धडधाकट आहे. यात हिचा दोष नाही, तुमचाही नाही." आजी काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने तिने बाळ स्वतः उचलून माझ्या मांडीवर दिले.

आपल्या मंडळ्यांत ग्रहण मानत नाहीत, पण 'आईबापांच्या पापाचे फळ' असे म्हणणारी माणसे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न विचारला होता. प्रभूने तो दोष त्या माणसावर ठेवला नाही, आईबापांवरही ठेवला नाही, आणि लगेच कामाला लागला. आपणही तेच करावे.

वैद्यकशास्त्र सांगते की बहुतेक बाळांच्या बाबतीत नेमके एक कारण सापडत नाही. काही गोष्टींनी धोका वाढतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर होणे, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, दारू, काही औषधे, रक्ताच्या जवळच्या नात्यातील लग्न. यांपैकी जे टाळता येते ते टाळावे. रुबेलाची लस मुलींना वेळेवर द्यावी. पण भिंत जेव्हा बांधली जात होती, तेव्हा त्या आईला आपण गरोदर आहोत हेही बहुधा ठाऊक नव्हते. तिला दोष देणे हा अन्याय आहे, आणि त्याचा एक धोकाही आहे. दोषाच्या भीतीने घर बाळाला लपवते, आणि वेळ जातो.

६. कुपोषणाच्या यादीत लपलेले हृदय

मोठे छिद्र असलेले बाळ जन्मतः ठणठणीत दिसू शकते. पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, त्यामुळे फार रक्त तिकडे जात नाही. त्या सैल झाल्या की, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी, त्रास सुरू होतो. जन्माच्या वेळी डॉक्टरांनी 'सर्व ठीक' म्हटले म्हणून पुढे निश्चिंत राहू नये, ते यासाठी. ही लक्षणे कोणालाही दिसू शकतात:

- बाळ अंगावर पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, थकून झोपते, आणि थोड्या वेळाने पुन्हा भुकेने रडते.
- पिताना कपाळाला व डोक्याला घाम येतो.
- श्वास जलद चालतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक असेल, तर दवाखान्यात न्या.
- बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते.
- न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो.
- वजन वाढत नाही.
- ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसतात.

मेळघाटात वजन न वाढणारे बाळ आधी कुपोषित म्हणून नोंदले जाते. ते योग्यच आहे. पण पोषण आहार देऊनही वजन हलत नसेल, तर भुकेपलीकडे पाहायला हवे. अशा बाळाचे अन्न जलद श्वास घेण्यातच खर्ची पडत असते. ज्या बाळाची गोष्ट मी वर सांगितली, ते दोनदा पोषण केंद्रात राहून आले होते. त्याच्या छातीला नीट स्टेथोस्कोप लागला आणि दोन दिवसांत टू-डी इकोची चिठ्ठी हाती आली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती दुखत नाही, सुई नाही, बाळ आईच्या मांडीवर असतानाही होते. खालच्या भिंतीत मोठे छिद्र निघाले. दहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आज ते मूल अंगणवाडीत जाते, आणि आजी त्याच्या मागे पळून दमते.

दुसरी गोष्टही सांगायला हवी. एका आश्रमशाळेत अकरा वर्षांची मुलगी होती. प्रार्थनेच्या रांगेत उभी राहून तिला घेरी यायची. नखे निळी, बोटांची टोके फुगीर. तिलाही तसेच छिद्र होते. पण एवढी वर्षे जास्तीच्या रक्ताचा मारा सोसून फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड आणि कडक झाल्या होत्या. उजवीकडचा दाब डावीकडच्या वर गेला आणि प्रवाह उलटा फिरला. काळे रक्त शरीरात जाऊ लागले. १८९७ मध्ये व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी ही अवस्था वर्णिली, त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. या टप्प्यावर छिद्र बुजवता येत नाही. बुजवले तर उजवे हृदय बंद पडते. मोठ्या छिद्रात हे कायमचे नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊ लागते.

ती मुलगी औषधांवर आहे. चित्रे छान काढते. डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितले, "पहिल्या वर्षात आणली असती तर." मी ते वाक्य विसरू शकत नाही, आणि आपणही विसरू नये म्हणून इथे लिहिते आहे.

७. छिद्र कसे बुजवतात

हृदय चालू असताना ते उघडता येत नाही आणि थांबवले तर मेंदू मरतो, या पेचामुळे १९५० पर्यंत ही भिंत शल्यविशारदांच्या हाताबाहेर होती. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने अठरा वर्षांच्या मुलीच्या वरच्या भिंतीतील छिद्र शिवले. अशा यंत्रावर पूर्ण यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया.

पुढच्या वर्षी, २६ मार्च १९५४ रोजी, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांच्यासमोर सुमारे वर्षभराचे बाळ होते. खालच्या भिंतीत छिद्र. यंत्र भरवशाचे नव्हते. मग बाळाच्या वडिलांना शेजारच्या टेबलावर निजवले आणि नळ्यांनी त्यांचा रक्तप्रवाह बाळाशी जोडला. बाळाचे हृदय उघडले होते तोवर वडिलांचे हृदय आणि फुप्फुसे दोघांसाठी काम करत होती. छिद्र बुजले. ते बाळ पुढे अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. पण मार्ग सापडला होता. त्या पद्धतीने ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतले २८ बरे होऊन घरी गेले. लवकरच चांगली यंत्रे आली आणि आईबापांना टेबलावर निजण्याची गरज उरली नाही. लेकरासाठी बापाने आपले रक्त जोडून द्यावे, यावर मी अधिक काही लिहीत नाही. आपण समजून घ्याल.

आज काय करतात? लहान छिद्र असेल तर फक्त ठरावीक काळाने इको. मोठे असेल तर आधी फुप्फुसांतील भार हलका करणारी, लघवीवाटे पाणी काढणारी औषधे, आणि सहसा पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया. छातीचे मधले हाड उघडून, यंत्रावर रक्ताभिसरण ठेवून, छिद्रावर ठिगळ शिवतात. ठिगळ कृत्रिम कापडाचे असते किंवा बाळाच्याच हृदयावरणातून कापून घेतात. वरच्या भिंतीतील योग्य जागच्या छिद्राला पुष्कळदा छाती उघडावीही लागत नाही. जांघेतील शिरेतून बारीक नळी नेऊन तारेच्या जाळीचे, दोन बाजूंनी उघडणारे बटण तिथे बसवतात.

८. आपण काय करू शकतो

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. म्हणजे पैशाचा सर्वांत मोठा डोंगर पुष्कळदा हलतो. मग बाळे का राहतात? कारण पथक आले त्या दिवशी कुटुंब कामासाठी बाहेरगावी असते. कारण शिधापत्रिकेवर बाळाचे नाव नसते. कारण शहरात मराठी बोलायला कोरकू आई बुजते. कारण पंधरा दिवसांची मजुरी बुडते आणि घरी दुसरी लेकरे असतात.

या ठिकाणी आपल्यासारख्यांची गरज आहे. सोबत जाणारा एक माणूस, प्रवासभाडे, रुग्णालयाबाहेर नातेवाइकांचे जेवण, घरी राहिलेल्या भावंडांसाठी धान्य. शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या तारखेला पुन्हा नेणे. कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात. राहिलेल्या बाळांना गाठण्यासाठी आम्ही तेच दिवस धरतो. आणि एक साधी गोष्ट. हृदयात छिद्र असलेल्या मुलाचे दात स्वच्छ ठेवायला शिकवा. किडलेल्या दातांतील जंतू रक्तातून हृदयात जाऊन तिथे ठाण मांडू शकतात.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल माणसामाणसांतील मधली भिंत पाडली गेल्याचे सांगतो. आजी आणि सून, ढाणा आणि शहर, मंडळी आणि मंडळीबाहेरचे, यांच्यातील भिंत पडली, तरच बाळाच्या हृदयातील भिंत वेळेवर उभी राहील.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. हृदयाला दोन पंपांचा जोड का म्हटले आहे? मधली भिंत नसती तर काय झाले असते?
२. मोठे छिद्र असलेले बाळ पहिल्या महिन्यात ठीक का दिसते?
३. आपल्या मंडळीत आजारी मुलाच्या आईला कोणते शब्द ऐकावे लागतात? योहान ९ वाचून त्यावर बोला.
४. आपल्या ओळखीत वजन न वाढणारे बाळ आहे का? त्याची हृदयतपासणी झाली आहे का?

प्रार्थनेचे विषय

- शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या बाळांसाठी आणि त्यांच्या आईबापांच्या धैर्यासाठी.
- ज्यांची वेळ निघून गेली त्या मुलांसाठी, त्यांचे दिवस आनंदाचे जावेत म्हणून.
- अंगणवाडी सेविका, आशा ताई, परिचारिका आणि तपासणी पथकांतील डॉक्टरांसाठी.
- दोष न देता बाळाला मांडीवर घेणाऱ्या प्रत्येक आजीसाठी उपकारस्तुती.

आपली ख्रिस्तातील बहीण,
मेळघाट क्षेत्र सेविका